पहिल्याच सत्रात पोरांना गाडू नका

बारावी झालेल्या मुलाला पुढे काय करायचं ते ठाऊक नसेल, तर त्यात त्याचं काहीही चुकलेलं नाही. सतरा-अठराव्या वर्षी आयुष्याचा विषय ठरलेला असलाच पाहिजे हा हट्ट मोठ्यांचा आहे, आणि तो हट्ट पुरा झाला नाही की त्याची शिक्षा मुलाला मिळते. आई म्हणते कन्फ्यूज्ड आहे. काका म्हणतात ध्येय नाही. क्लासवाले म्हणतात आमच्याकडे पाठवा. मग सगळ्यांचा एकच तोडगा निघतो: ठरत नाही ना, मग सगळंच घे. बीएला प्रवेश घे, बाजूला एमपीएससीचा फाउंडेशन लाव, संध्याकाळी इंग्लिश स्पीकिंग, रविवारी टॅली. मी पदवी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि दर जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसतो. तिथून हा तोडगा मुलांचं काय करतो ते मला दिसतं. ज्याचं अजून ठरायचं आहे, त्याला पहिल्या सत्रात सगळ्यात कमी ओझं मिळालं पाहिजे. आपण नेमकं त्यालाच सगळ्यात जास्त देतो.

यात पहिला वाटा सरकारचा आणि विद्यापीठांचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सालचं. महाराष्ट्रात ते पदवीला आधी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि मग संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलं. राज्याच्या चौकटीत एका सत्राला २० ते २२ क्रेडिट आहेत. खालचा आकडा घ्यायची मुभा असताना अनेक विद्यापीठांनी वरचा घेतला. पहिल्या सत्रासाठी २०२३ मध्ये जो आराखडा आला त्यात मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, सहा क्रेडिट, ओपन इलेक्टिव्हचे, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या ऐच्छिक विषयाचे, चार, आणि मग दोन-दोन क्रेडिटचे सहा तुकडे आहेत: व्यवसाय कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहअभ्यासक्रम. मेजरचे दोन पेपर, ओपन इलेक्टिव्हचे दोन आणि हे सहा धरले की दहा पेपर होतात. पुढे रचना बदलली, काही विद्यापीठांत हा आकडा आठावर आला. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या एफवायबीएला सहा विषय असत. जुनी पद्धत फार थोर होती असा माझा दावा नाही, पण सहा विषयांची नावं मुलाला सांगता यायची. आजच्या एफवायच्या मुलाला वर्गात उभं करून तुझे विषय कोणते म्हणून विचारा. तो मोबाइल काढून वेळापत्रक उघडतो.

आता तासांचा हिशोब करू. राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १,२०० तासांचं शिकणं, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. यात वर्गातला वेळ आला आणि घरचा अभ्यासही आला. २२ क्रेडिटचे ६६० तास होतात. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४४ तास. ही एखाद्या मोठ्या माणसाची पूर्णवेळ नोकरी झाली. पण पहिलं सत्र पंधरा आठवडे चालतं कुठे? गुणवत्ता याद्या लागतात, जागा भरेपर्यंत मुदती वाढतात, मुलं ऑगस्टमध्येही येत राहतात. मग गणपती, मग अंतर्गत चाचण्या. सत्र बारा आठवड्यांवर आलं तर तेच ६६० तास आठवड्याला ५५ होतात. तालुक्याच्या कॉलेजात येणाऱ्या मुलीचे एसटीत जाऊन-येऊन रोज दोन तास जातात, ते वेगळे. जो मुलगा 'कमवा आणि शिका'मध्ये काम करतो किंवा सकाळी दूध घालून कॉलेजला येतो, त्याचे तास कुणी मोजलेलेच नाहीत. हा आराखडा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणता विद्यार्थी होता, हे मला त्यांना समोर बसवून विचारायचं आहे.

यावर एक उत्तर मला हमखास मिळतं: अमेरिकेतली मुलंही इतकाच अभ्यास करतात. करतात, आणि म्हणूनच ती तुलना नीट करू या. तिथे चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे सत्राला १५. त्यांच्या क्रेडिटची व्याख्या आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास बाहेर अशी आहे. १५ क्रेडिटचे ४५ तास झाले. आपले ४४. म्हणजे तासांत फरक नाही. फरक असा की त्यांचे १५ क्रेडिट म्हणजे पाच विषय. हवाई विद्यापीठाने २०१२ मध्ये मुलांनी वेळेत पदवी पुरी करावी म्हणून '१५ टू फिनिश' ही मोहीम काढली. मुलांना जास्त घ्या म्हणून सांगणारी ती मोहीमसुद्धा पाच विषयांवर थांबते. १२ क्रेडिट घेणारा, म्हणजे चार विषय घेणारा मुलगाही तिथे पूर्णवेळ विद्यार्थी धरला जातो. सुरुवातीच्या दिवसांत तो वर्गात बसून बघतो, जमलं नाही तर विषय सोडतो, दुसरा घेतो. ती मुदत उलटली तरी काही आठवडे त्याला माघार घेता येते आणि गुणपत्रकावर नापासाचा शिक्का बसत नाही. आणि मेजर जाहीर करायला बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत वेळ असतो.

एमआयटीसारखी संस्था पहिल्या सत्रात नव्या मुलाने किती घ्यावं यावर वरून मर्यादा घालते. त्या सत्राचे ग्रेड उत्तीर्ण किंवा नोंदच नाही अशा दोनच पद्धतींनी बाहेर दिसतात. वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात २०१४ पासून पहिल्या सत्राचे ग्रेड मुलीला कळतात, पण अधिकृत गुणपत्रकावर येत नाहीत. जगातल्या सर्वांत कठीण समजल्या जाणाऱ्या शिक्षणसंस्थांनी हे का केलं असेल? नवं गाव, नवी भाषा, नवी शिस्त, नवे मित्र हेच पहिल्या सत्रातलं अर्धं शिक्षण असतं, हे त्यांना मान्य आहे. तिथून आपण 'क्रेडिट', 'मेजर', 'मायनर' हे सगळे शब्द उचलले आणि विषय सोडण्याचा हक्क तिथेच ठेवून आलो. आपल्याकडे मुलाने ओपन इलेक्टिव्ह बदलायचा म्हणून अर्ज केला की आधी कारण विचारतात, मग बॅच भरल्याचं सांगतात, मग पोर्टल बंद झालेलं असतं. त्याला तो विषय नापास होईपर्यंत सोबत न्यावा लागतो, आणि पुढे एटीकेटी म्हणून आणखी एक सत्र.

दोन क्रेडिटच्या तुकड्यांवर माझा खरा राग आहे. ज्या मुलाचं ठरलेलं नाही त्याला विषय चाखू द्यायचे, हा या तुकड्यांमागचा युक्तिवाद. मी इतिहास शिकवतो. दोन क्रेडिटच्या पेपरला कागदावर वर्गातले तीस तास असतात, प्रत्यक्षात हातात बावीस-चोवीस पडतात. त्यातले पहिले काही तास मुलांची भीती जाण्यात जातात. इतिहास म्हणजे सनावळ्या, ही दहा वर्षांची समजूत मोडायलाच आणखी काही तास लागतात. एखादं अस्सल पत्र त्यांच्या हातात देऊन हे कुणी, कुणाला, कशासाठी लिहिलं असेल, यात काय लपवलंय असं विचारायला सुरुवात करावी, दोन-चार डोळे चमकायला लागावेत, तर अंतर्गत गुण भरायची तारीख आलेली असते. त्या मुलाला इतिहास आवडतो की नाही, हे त्याला कळलेलंच नसतं. पन्नास गुणांचा एक पेपर त्याने उरकला, एवढंच झालं. असे आठ-दहा पेपर उरकून त्याला कोणता विषय आपला, हे कळणार आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी वर्गात पाय ठेवल्याला फार वर्षं झाली आहेत. विषय कळायला वेळ लागतो. तीन विषय नीट शिकलेला मुलगा दिवाळीपर्यंत सांगू शकतो की हा मला नको. दहा विषयांतून धावलेला मुलगा फक्त दमतो आणि मग 'मला शिकण्यातच रस नाही' असं स्वतःबद्दल ठरवून टाकतो. त्याच्या मनात बसलेला हा खोटा निकाल पुढे कुणीही पुसू शकत नाही.

हे आधी होऊन गेलेलं आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि सगळ्यांना अकरा फाउंडेशन कोर्स सक्तीचे केले. विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही रस्त्यावर आले. २०१४ च्या जूनमध्ये ती योजना गुंडाळावी लागली. त्या अनुभवावरून शिकायला आपल्याला भरपूर वर्षं मिळाली होती.

या सगळ्यात एक गोष्ट मी मोकळेपणाने चांगली म्हणेन. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०२४ च्या आराखड्यात बीए-बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला तीन विषय सारख्या वजनाचे ठेवले, प्रत्येकी चार क्रेडिटचे, आणि मेजर पुढच्या वर्षी ठरवायचं. न ठरलेल्या मुलासाठी याहून शहाणी रचना नाही. पण त्याच बारा क्रेडिटना दोन-दोन क्रेडिटच्या पाच शेपट्या जोडल्या आणि ती रचना स्वतःच्याच वजनाने वाकवली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या अखेरीस आणखी एक दार उघडलं: ज्याला झेपत नाही त्याने सत्राला कमी क्रेडिट घेऊन पदवी जास्तीत जास्त दोन सत्रं लांबवावी. पदवी तीच, मान तोच. किती मुलांनी हा मार्ग घ्यावा यावर मर्यादा नाही. हे मी मनापासून स्वागत करण्याजोगं मानतो. पण नियम पुढे म्हणतो की हा पर्याय पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या शेवटी निवडायचा. म्हणजे ज्या सत्रात मुलगा बुडतो त्याच सत्रात दार बंद. आधी नापास होऊन दाखव, मग तुझं ओझं कमी करू. आणि हे दार आहे हे तरी किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत वसतिगृहाचा फोटो असतो, संस्थापकांचं मनोगत असतं, हा नियम नसतो.

आता आमच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या जमातीविषयी. ओपन इलेक्टिव्हची बास्केट कशी ठरते हे बाहेर कुणाला माहीत नसतं, म्हणून सांगतो. ती मुलांना काय हवं यावरून ठरत नाही. कोणत्या विभागाचा वर्कलोड कमी पडतोय, कुणाची जागा अतिरिक्त ठरू शकते, कोणता पेपर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, भागवता येईल, यावरून ठरते. नोकरी वाचवण्याची धडपड मला समजते. पूर्णवेळ जागा वर्षानुवर्षं न भरणारं सरकार या धडपडीला जबाबदार आहे, हेही मी सगळीकडे बोलतो. पण त्या धडपडीची किंमत अठरा वर्षांच्या मुलाच्या वेळापत्रकातून वसूल करायचा हक्क आम्हाला कुणी दिला? तालुक्याच्या कॉलेजात 'निवड' म्हणजे दोन विषयांतून एक, आणि त्यातल्या एकाला शिक्षक नाही. तरी फॉर्मवर मुलाची सही घेऊन ही तुझी निवड म्हणून आम्ही त्याला बांधतो. माझ्या व्यवसायातल्या माणसांनी वर्कलोडसाठी जितक्या बैठका घेतल्या, त्यांच्या दहाव्या हिश्श्यानेही विद्यार्थ्याच्या भारासाठी घेतलेल्या नाहीत.

पालकांचा वाटा मात्र सगळ्यात दुखरा आहे, कारण तो प्रेमातून येतो. प्रवेशाच्या टेबलाशी एक वडील म्हणाले होते, "सर, याला रिकामा ठेवू नका. रिकामा राहिला की बिघडतो." मुलगा मागे खाली मान घालून उभा. मी त्याला विचारलं, तुला काय वाचायला आवडतं? उत्तर वडिलांनी दिलं. रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, हे गणित ज्यांनी स्वतः पोटासाठी एक तासही रिकामा घालवला नाही त्यांचं आहे, आणि मला त्यांचा अपमान करायचा नाही. पण न ठरलेल्या मुलाला ठरवायला जी एकमेव गोष्ट लागते ती म्हणजे वेळ: ग्रंथालयात भलत्याच कपाटाशी उभं राहायला, दुसऱ्या वर्गात जाऊन बसायला, सीनियरला विचारायला, कंटाळायला. तो वेळ तुम्ही फी भरून विकत घेतलेल्या क्लासला देऊन टाकता.

यात २०२२ पासून नवी भर पडली. एकाच वेळी दोन पदव्या करायला अनुदान आयोगाने परवानगी दिली. ज्याची दिशा पक्की आहे, ज्याला संस्कृत आणि संगणक दोन्ही खरोखर हवे आहेत, त्याच्यासाठी ती सोय चांगली आहे. पण आता ती न ठरलेल्या मुलांवर आपटली जाते. सकाळी बीकॉम, रात्री ऑनलाइन बीबीए, 'एक नाही तर दुसरं तरी होईल'. दोन्हीही होत नाहीत, हे मी बघतोय. कॉमर्सच्या मुलांची कथा जुनीच आहे: निकाल लागायच्या आत सीए फाउंडेशनचा क्लास लागलेला असतो आणि मुलाला लेखाशास्त्र आवडतं का, हा प्रश्न घरात कुणी उच्चारलेलाही नसतो.

म्हणून आता थेट त्या मुलामुलींशी बोलतो, कारण नियम बदलेपर्यंत तुमचं पहिलं सत्र थांबणार नाही.

तुमच्या हातात जेवढी निवड आहे तेवढी तरी डोळे उघडे ठेवून करा. तीन मुख्य विषय घ्यायचे असतील तर एक असा घ्या जो बारावीपर्यंत तुम्हाला सोपा गेला, एक असा ज्याच्याबद्दल कुतूहल आहे पण काही माहीत नाही. तिसरा मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका. सायन्सला असाल तर प्रात्यक्षिकांचे तास मोजा. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला आठवड्याला दोन तास लागतात, थिअरीच्या क्रेडिटला एक. दोन क्रेडिट थिअरी आणि दोन प्रात्यक्षिक असे तीन विषय घेतले की आठवड्याला अठरा तास लॅब आणि वर्ग यांतच गेले, जर्नल लिहिणं वेगळं. एखाद्या विषयाला लॅब नसलेला पर्याय मिळत असेल आणि तुमचं मन अजून मोकळं असेल, तर तो घ्या. ओपन इलेक्टिव्ह 'स्कोअरिंग' आहे म्हणून घेऊ नका. स्कोअरिंग म्हणून मिरवणारा विषय साधारणपणे कुणी न शिकवणारा विषय असतो. तो तास कोण घेणार हे आधी विचारा, मागच्या वर्षीच्या मुलांना विचारा. चांगल्या शिक्षकाचा अवघड पेपर हा वाईट शिक्षकाच्या सोप्या पेपरपेक्षा हलका जातो.

फॉर्म भरण्याआधी वेळापत्रक मागा. कॉलेज म्हणेल नंतर लागेल. पुन्हा मागा. सकाळी साडेसातचा तास आणि दुपारी तीनचा तास यांच्यामध्ये चार तास मोकळे असतील आणि शेवटची एसटी साडेतीनची असेल, तर ते ओझं क्रेडिटमध्ये दिसत नाही, पण वाहायचं तुम्हालाच आहे. विषय बदलण्याची शेवटची तारीख लेखी घ्या. पहिले दोन आठवडे एकही तास चुकवू नका, कारण बदलायचं की नाही हे तुम्हाला त्याच दोन आठवड्यांत कळणार आहे.

आणि दिवाळीपर्यंत बाहेरचं काहीही लावू नका. क्लास नाही, दुसरी पदवी नाही, डिजिटल मार्केटिंगचा सहा महिन्यांचा डिप्लोमा नाही. घरची गरज म्हणून काम करावं लागत असेल तर ते करा, त्यात लाज नाही, पण मग सहअभ्यासक्रमाला असा पर्याय घ्या जो तुमच्या वेळेत बसतो, आणि प्राचार्यांना भेटून तुमची अडचण अर्जावर नोंदवून ठेवा. मिळवलेले क्रेडिट ज्या क्रेडिट बँकेत साठतात, तिथे ते सात वर्षांपर्यंत टिकतात. घाईचं कारण तुम्हाला कुणीही देऊ शकत नाही. पहिल्या सत्राच्या शेवटी दम लागला असेल तर पदवी लांबवण्याचा जो नियम मी वर सांगितला तो स्पष्टपणे मागा. कॉलेजला माहीत नसेल तर आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून त्यांच्या टेबलावर ठेवा. कुणी कन्फ्यूज्ड म्हटलं तर ऐकून घ्या आणि पुढे चला. माझ्या वर्गातून गेलेल्या मुलांत जे खरोखर कुठेतरी पोचले, त्यांतल्या अनेकांचं पहिल्या वर्षी काहीही ठरलेलं नव्हतं.

विद्या परिषदांवर आणि अभ्यासमंडळांवर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी या लेखातून जाहीर विनंती करतो. पुढच्या प्रवेशांच्या आधी तीन गोष्टी मांडा आणि मतदानाला घ्या. पहिल्या सत्राचे क्रेडिट २२ वरून २० वर आणा. राज्याच्या चौकटीत त्याला आजही जागा आहे, कुणाची परवानगी लागत नाही. वर्ग सुरू झाल्यापासून तीन आठवडे विषय बदलण्याचा हक्क लेखी द्या. आणि पदवी लांबवण्याचा पर्याय पहिल्या सत्राच्या सुरुवातीलाच खुला करावा, असा ठराव करून आयोगाला पाठवा. दोन क्रेडिटचे तुकडे जोडून मोठे विषय करायचे तर मुंबईत मंत्रालयाशी भांडावं लागेल. ते भांडण लांबचं आहे, तेही करू. पण पहिल्या दोन गोष्टींना एक बैठक पुरते, आणि ती बैठक बोलावणं तुमच्या हातात आहे.